काचेच्या पेटीतले थेंब

शेजारच्या काकूंनी मला सांभाळून घेतलं. सुरुवात त्यांच्यापासूनच करते, कारण आधी काय झालं ते सांगायला बसले तर माझंच रडगाणं लांबत जाईल आणि काकू कुठेतरी शेवटच्या ओळीत येतील. त्यांची जागा ती नाही. नागपुरात मला दारातून "आत ये वं, उन्हात काहून उभी?" असं म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे त्या. काम मिळालं तेही त्यांच्याच शब्दावर आणि त्यांच्याच गच्चीवर.

मी कोकणातली, खाडीकाठच्या गावची. शाळा सातवीत सुटली. मला कोणी शाळेतून काढलं नाही, पण धाकट्या भावंडांजवळ घरी कोणीतरी हवं होतं, आणि वर्गात तरी मी काय करत होते, मागच्या भिंतीला टेकून बसायची. शाळेत एक गोष्ट मात्र मी पक्की शिकले. मास्तरांनी "समजलं का?" विचारलं की सगळ्यांबरोबर मान हलवायची. मान हलली की मास्तर पुढच्या धड्याकडे जातात आणि आपण सुटतो. पुढे सासूसमोर, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मी हेच करत आले.

नवरा कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. त्याच्या पाठोपाठ मी इथे आले. पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकीच होते. बाजारात चुकून तोंडातून "माका" गेलं की भाजीवाली शेजारच्या गाडीवालीला हाक मारायची, "ऐक वं, काय म्हणते पाहा," आणि मला पुन्हा म्हणायला लावायची. त्यात वाईट काही नव्हतं, पण मी दोन भाज्यांऐवजी एकच घेऊन परत यायची.

काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. साठी उलटलेली. नवरा रेल्वेत होते, आता नाहीत. मुलगा पुण्याला. बैठकीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली बुद्धांची मूर्ती, आणि त्या मूर्तीला कुठल्याही दिवशी धुळीचा कण सापडायचा नाही. गल्लीतला बायकांचा बचत गट त्यांनीच सुरू केलेला. बोलणं असं की ऐकणाऱ्याला आधी धक्का बसावा. मला पहिल्यांदा गटाच्या बैठकीला नेलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे समुद्राकडची पोट्टी हाये. मासे खाऊन खाऊन हुशार झाली म्हन्तात, पन बोलत नाही. तुम्ही बोला, ते ऐकन." बायका हसल्या. मीही हसले, आणि त्या हसण्यातच माझं नाव गटात लागलं.

त्याच हिवाळ्यात एका संस्थेने गटाला उन्हावर चालणारा ड्रायर दिला. सोलर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर निळ्या-काळ्या पाट्याच यायच्या, हल्ली बंगल्यांच्या छतांवर वीज करायला बसवतात त्या. हे तसलं नव्हतं. मोठ्या पलंगाएवढी एक पेटी, वरून काच, आतून काळी, आणि जाळीचे ट्रे. खालच्या बाजूला ओळीने छिद्रं, वरच्या टोकाला एक झडप. काकूंच्या छतावर दिवसभर सावली पडत नाही म्हणून ती तिथे बसवली. काम असं ठरलं की सीताबर्डीतल्या ज्यूसच्या गाड्यांवरून संत्र्याच्या साली आणायच्या, धुवून, कापून ड्रायरमध्ये वाळवायच्या आणि उटणं करणाऱ्या एका दुकानाला द्यायच्या. साल उघड्यावर वाळवली तर तिचा रंग उडतो, माश्या बसतात. दुकानाला रंग हवा होता आणि वास हवा होता.

पेटीच्या कुलुपाची किल्ली कोणाकडे ठेवायची यावर थोडी कुरबुर झाली. दुसऱ्या टोकाला राहणारी एक वहिनी बी.एस्सी. झालेली आहे, तिच्याकडे द्यावी असं बऱ्याच जणींना वाटत होतं. काकू म्हणाल्या, "तिले शिकवण्या हायेत, तिले वेळ कुठचा? हे पोट्टी दिवसभर घरी कुढून राहिली. वर येईन तं चार शब्द बोलन तरी." किल्ली माझ्या हातात आली. एवढी मोठी वस्तू माझ्या भरवशावर याआधी कोणी सोपवली नव्हती. मी ती किल्ली मंगळसूत्रात ओवावी की काय, अशा विचारात होते.

संस्थेचे सर शिकवायला आले. भराभर बोलणारे, चांगले. काच, काळा पत्रा, गरम हवा, बाष्प, असं बरंच बोलले. शेवटी विचारलं, "समजलं सगळ्यांना?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मी तर सगळ्यांत जोरात.

मला जेवढं समजलं ते असं: ही पेटी ऊन पकडते. ऊन काचेतून आत येतं, काळ्या पत्र्यावर तापतं आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणजे जितकं ऊन कोंडू तितकं बरं. भातावर झाकण ठेवतो तसं.

शेजारच्या प्लॉटवर घराचं बांधकाम निघालं होतं. सकाळपासून रेती चाळायचे. ती पांढरी धूळ उडून गच्चीवर यायची, आणि मला दिसायचं की खालच्या छिद्रांतून ती आत सालींवर जाऊन बसणार. मग मी नवऱ्याच्या जुन्या बनियनच्या चिंध्या केल्या, एकेक गुंडाळी वळून एकेका छिद्रात बसवली. अगदी नीट, जसा बरणीला दट्ट्या बसवावा. वरची झडपही लावून घेतली, म्हणजे ऊब जायला नको. पेटीच्या आत एक तापमापक आहे, त्याचा काटा त्या दिवशी जेवढा वर गेला तेवढा त्याआधी कधी गेला नव्हता. मी खाली धावत जाऊन काकूंना सांगितलं. त्या पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "बाप्पा. भाकर भाजता येइन मंग."

काचेला आतून थेंब धरायला लागले. मला वाटलं दव असेल. मी रोज सकाळी झाकण उघडून कपड्याने काच पुसायची, लख्ख करायची आणि परत घट्ट लावून टाकायची. थेंब परत यायचे. मी परत पुसायची. साली मऊच होत्या, पण काटा वर होता, म्हणून मी धीर धरला. मध्ये आभाळ आलं. ऊन परत आल्यावर उघडून बघितलं तर वरच्या ट्रेमधल्या साली तपकिरी, शिजल्यासारख्या, आणि खालच्यांवर हिरवट पांढरी बुरशी. वास असा आला की मी मागे सरले.

सगळ्या ट्रेंची हीच गत. गटाचा पहिलाच माल होता तो. बायकांनी उन्हातान्हात ऑटोने पिशव्या भरून साली आणल्या होत्या, सुऱ्यांनी बोटं कापून घेतली होती.

बैठक काकूंच्याच अंगणात झाली. मी कोपऱ्यात पायरीवर बसले. कोणी ओरडलं नाही. एक म्हणाली, "मशीनच खराब दिलं असन." दुसरी म्हणाली, "मशीन काहाले खराब राहील? चालवणाऱ्याले मालूम पाहिजे." बी.एस्सी. वहिनी गप्प होती, पण तिच्याकडे सगळ्या बघत होत्या. एकीने मला सरळच विचारलं, "तू का केलं होतं वं, सांग नं. कायी वेगळं केलं का?"

मला चिंध्यांचा संशयसुद्धा आला नव्हता. माझ्या मते ते मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम होतं. त्यामुळे मी म्हटलं, "सरांनी सांगितलं तसंच केलं." हे खोटं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. पण आवाज असा निघाला की ऐकणारीला खोटंच वाटावं.

ठरलं असं की सरांना परत बोलवायचं, आणि किल्लीचं काय ते त्यानंतर बघायचं. काकूंनी माझ्यापुढे हात केला. "तोवर मले दे. तू आराम कर." मी किल्ली दिली. घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, मी गावी जाते. तो डबा धूत होता. म्हणाला, "किल्ली गेली म्हणून कोण गावी जातं काय?" त्याला काय सांगणार. त्याच्यासाठी ती किल्ली होती. माझ्यासाठी ह्या शहरात कोणीतरी माझी वाट बघण्याचं ते एकच कारण होतं. गटातून बाजूला झाले की मी परत ती एकच भाजी घेऊन परतणारी बाई होणार होते.

सर आले त्या दिवशी गच्चीवर सगळा गट जमला. मी मागे टाकीजवळ उभी राहिले. काकू सगळ्यांत पुढे, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पदर नीट घेऊन. सरांनी सुरुवात करायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"सर, ह्याले हात लावला तं करंट लागते का?"

"नाही काकू, यात वीज नाहीच. ते वेगळं. पॅनेल असतं ते उजेडाची वीज करतं. ही पेटी फक्त उष्णता वापरते."

"असं. मंग संध्याकाळी ऊन आतच राहते का? झाकून ठेवाव लागते?"

बायका हसायला लागल्या. सरही हसले. "ऊन आत राहत नाही काकू. ऊन काय लोणचं आहे?"

"मले का मालूम, बाप्पा. मी म्हटलं उरलं असन तं सकाळी कामी येइन."

हसू वाढलं. पुढच्या ओळीतल्या एकीने पदर तोंडाला लावला. आणि मग सर पेटीची बाजू तपासायला खाली वाकले, आणि त्यांनी छिद्रातून एक गुंडाळी ओढून काढली. मग दुसरी. मग तिसरी. माझ्या नवऱ्याच्या बनियनची, निळीने जरा निळसर झालेली. मी लांबूनही ओळखली.

"हे कोणी कोंबलं?"

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडणार होते असंही मी म्हणत नाही.

काकू म्हणाल्या, "काहून सर? चिंध्या तं कोंबाच लागते नं. पाहा नं धूळ कितीक येते. नाही कोंबाव का?"

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो काकू, हे तर याचं नाक आहे. नाक दाबून धरलं तर माणूस जगेल का?"

आणि मग जे हसू फुटलं ते खालच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल. "नाकच दाबलं काकूनं," "काकूंच्या चिंध्या," असं एकेक. आणि मी, जिच्या हातांनी ती एकेक चिंधी वळली होती, मीसुद्धा हसले. भीतीने हसले असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. माझ्यापेक्षा अडाणी कोणीतरी निघालं, याचं मला बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी वर्गातली शेवटची नव्हते.

सर मग सावकाश बोलले. काकूंच्या प्रश्नांमुळे ते आपोआपच सोपं बोलायला लागले होते. ऊन काचेतून आत जातं, काळा पत्रा ते पितो आणि तापतो, पत्र्यामुळे आतली हवा तापते. इथवर मला बरोबरच समजलं होतं. पण तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते, वरच्या झडपेतून बाहेर पडते, आणि जाताना सालींमधलं पाणी आपल्यासोबत घेऊन जाते. ती गेली की खालच्या छिद्रांतून नवी कोरडी हवा आत येते. उष्णता फक्त पाणी सालीतून बाहेर काढते, ते पेटीबाहेर नेण्याचं काम हवेचं. रस्ता बंद केला तर पाणी जाणार कुठे? काचेला थेंब होऊन लटकणार आणि परत सालींवर पडणार. धुळीसाठी छिद्रांना बारीक जाळी लावायची. चिंधी नाही.

मी ऐकत होते आणि मला आमचा किनारा दिसत होता. आमच्याकडे सुकट वाळवताना आई आधी वाऱ्याची दिशा बघायची. ऊन कितीही असो, वारा पडला की ती म्हणायची, आज काय खरं नाही. मला हे माहीत होतं. काचेच्या पेटीत शिरताना ते मी बाहेर ठेवून आले होते, कारण पेटी शिकलेल्या लोकांची होती आणि आईची गोष्ट आईची.

शेवटी सरांनी विचारलं, ड्रायर बघतं कोण? काकू म्हणाल्या, "हे पोट्टी पाहत होती. मीच वर येऊन येऊन लुडबुड करतो." सर म्हणाले, "मग काकू, तुम्ही राहू द्या आता. किल्ली यांच्याकडेच ठेवा." आणि किल्ली माझ्याकडे परत आली.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले, आभार मानायला की काय करायला, मला माहीत नव्हतं. त्या चहा ठेवत होत्या. ओट्यावर स्टीलचा एक डबा उघडा होता. त्यात साली होत्या. केशरी, कडक, बोटाने दाबली की कट्कन मोडणाऱ्या. अख्ख्या स्वयंपाकघरात संत्र्याचा वास होता.

"ह्या कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच पेटीतल्या."

"कधी वाळवल्या?"

"तू घरी तोंड लपवून बसली होती तवा. काचेवर पानी पाहिलं, म्हटलं हे निघाव कुठून? चिंध्या काढल्या, झडप उघडली, एक ट्रे ठेवून पाहिला. वाळल्या."

मला समजायला वेळ लागला. "मग चिंध्या परत कोणी...?"

"मी. मोजूनमापून तुह्यासारख्याच कोंबल्या. हातात कला हाये वं तुह्या, चोराले बी काढता येनार नाही." आणि त्या हसल्या.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर मग तसं का विचारलंत. त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. "त्या बायांले वाटत होतं का तूच येडी हायेस. मंग मी जास्त येडी झाली, बस. तुह्यं नाव निघालं असतं तं किल्ली गेली असती. माह्यं नाव निघालं तं माह्यं काय जाते? छत तं माह्यंच हाये."

मी कप उचलला. चहा प्यायले. त्यात साखर जास्त होती, तेवढं मात्र आठवतं.

पण काकूंचं काहीच गेलं नाही, असं झालं नाही. गल्लीत त्यांना चिंधीकाकू म्हणायला लागले. त्यांनी ते हसून घेतलं, एखादी म्हणाली तर "हाव, तुह्यं नाक बी दाबून ठेवीन" असं उत्तर द्यायच्या. ते चाललं. न चालणारी गोष्ट पुढे झाली. त्यांचं माहेर पारशिवनीकडे, एका शेतीच्या गावात. तिथल्या बायकांनाही असाच ड्रायर मिळावा म्हणून काकूच संस्थेच्या मागे लागल्या होत्या. तिकडे आवळा आणि हळद वाळवायची होती. तो मंजूर झाला, आणि तो कसा चालवायचा हे सांगायला काकू जाणार असं पहिल्यापासून ठरलेलं. त्यासाठी त्यांनी पांढरी, निळ्या काठांची साडी इस्त्री करून कपाटात वेगळी ठेवलेली मी पाहिली होती. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरी शिकवायला परत येते, ही गोष्ट त्यांना केवढी होती ते त्या कधी बोलल्या नाहीत. साडी बघून मला कळलं होतं.

सर एका दुपारी आले. काकूंच्या बैठकीत बसले, आणि अवघडून म्हणाले की तिकडे समजावून सांगायला बी.एस्सी. वहिनींना पाठवतोय. "तुम्ही या नं काकू, पाहुण्या म्हणून. सांगायचं काम त्या करतील."

काकू म्हणाल्या, "हाव, बरोबर आहे. ते नीट सांगन."

मी तिथेच होते. ट्रेमध्ये कप होते, मी ते एकेक खाली ठेवत होते. एवढंच म्हणायचं होतं, सर, चिंध्या माझ्या होत्या, यांनीच त्या पहिल्यांदा काढून पाहिल्या. एका वाक्याचं काम. माझ्या डोक्यात ते वाक्य पूर्ण तयार होतं, शुद्ध मराठीत, "माका" न येता. मी शेवटचा कप ठेवला आणि आत निघून गेले.

काकू पाहुणी म्हणूनही गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्या दिवशी त्या माझ्यासोबत गच्चीवर साली पसरत बसल्या, आणि त्यांच्या गुडघ्यांना काही झालेलं मला दिसलं नाही. जिन्याच्या पायऱ्या त्या माझ्याआधी चढल्या. मध्येच एकदा पेटीला हात लावून म्हणाल्या, "आत्ता तिकडे झडप कशी उघडाची ते सांगत असन ते." मी हो म्हटलं.

त्यानंतर आमचा माल बरा जायला लागला. दुकान अजूनही घेतं. साली, मग लिंबं, पावसाआधी कैरीच्या फोडी. छिद्रांना मी बारीक जाळी शिवून लावली आहे आणि ती आठवड्याला धुते. नव्या बायका आल्या की मीच त्यांना दाखवते, आणि आता मला बोलताही येतं. त्या विचारतात, हे सगळं कोणी शिकवलं? मी म्हणते, सरांनी. इतकं सोपं आहे ते म्हणणं.

आता पारशिवनीकडच्या आणखी एका गावाने ड्रायर मागितला आहे, आणि या वेळी सर मला विचारून गेलेत. मी हो म्हटलंय. काकूंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना मी सोबत नेणार आहे, गुडघ्यांचं कारण चालू देणार नाही. तिथे त्यांच्या माहेरकडच्या बायकांसमोर उभी राहून मी सांगीन की चिंध्या कोणी कोंबल्या आणि त्या पहिल्यांदा कोणी काढल्या, आणि मग खाली बसून पुढचं काकूंना बोलायला लावीन. तेव्हा त्या बायका मला हसतील तर हसू देत. या गावी नाही जमलं तर पुढच्या गावी, पण काकू ऐकायला असतानाच. हे देणं मी त्यांना देणार.